मंडी दुखते? मांडी बघा

आपल्या भागात दोन भाषा एकाच चुलीवर शिजतात. त्यामुळे काही शब्दांची गंमत फक्त आपल्यालाच कळते. पुण्याच्या माणसाला ती समजावून सांगावी लागते आणि बेंगळुरूच्यालाही. आता हेच पाहा ना. मराठीत ‘मांडी’ म्हणजे कमरेपासून गुडघ्यापर्यंतचा पाय. कन्नडमध्ये ‘मंडी’ म्हणजे गुडघा. एक काना गेला की अवयव वीतभर खाली सरकतो! आपल्याकडच्या कन्नड घरांत बोलताना गुडघ्याला ‘मोणकाल’च म्हणतात, पण दवाखान्याच्या पाटीवर आणि कन्नड वर्तमानपत्रात ‘मंडी नोवु’ असे लिहिलेले दिसते. आणि आपण जिला मांडी म्हणतो, तिला कन्नडमध्ये ‘तोडे’ हा वेगळाच शब्द आहे.

हा घोळ वरवर विनोदी वाटतो. पण घरातल्या दुखण्याच्या निमित्ताने गेल्या दोन-तीन वर्षांत मी जे वाचले, डॉक्टरांना जे विचारले, त्यावरून मला वाटते की या घोळात मोठे शहाणपण दडले आहे. मंडी दुखू लागली की मांडीकडे पाहावे लागते. गुडघा ही नुसती बिजागरी. दार उघडणारा आणि मिटणारा हात मांडीत असतो.

मी महाविद्यालयात मराठी शिकवते, वैद्यक नव्हे. म्हणून सुरुवात मला जमते तिथूनच करते, म्हणजे शब्दांपासून.

भाषेतली मांडी

आपल्या बोलण्यात मांडीचा मान फार मोठा आहे. बरोबरीच्या माणसाशी आपण ‘मांडीला मांडी लावून’ बसतो. मूल मांडीवर निजते, आणि दत्तक मूलही ‘मांडीवर घेतलेले’ असते. याच बेळगाव जिल्ह्यात १८२४ साली कित्तूरची लढाई पेटली ती दत्तकाच्या, म्हणजे मांडीवर घेतलेल्या वारसाच्या वादातून. आव्हान द्यायचे तर पैलवान मांडीवर थाप मारून शड्डू ठोकतो. कन्नडमध्येही ‘तोडे तट्टु’ म्हणजे तेच. भाषा दोन, पण आवाज एकच!

महाभारतात भर सभेत दुर्योधनाने द्रौपदीला मांडी दाखवली आणि भीमाने ती फोडण्याची प्रतिज्ञा केली. त्या शेवटच्या गदायुद्धावर कन्नडमधले एक थोर काव्य दहाव्या शतकात लिहिले गेले. ते लिहिणारा महाकवी रन्न मूळचा मुधोळचा, म्हणजे शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातला आणि तसा आपल्याच मुलखातला. भासाने याच प्रसंगावर संस्कृतमध्ये ‘ऊरुभंग’ नाटक लिहिले. ऊरू म्हणजे मांडी. एवढ्या बलाढ्य राजाला संपवायला त्याची मांडी मोडावी लागली, कारण मांडी मोडली की माणूस उभाच राहू शकत नाही. कवींना हे पक्के ठाऊक होते.

स्नायूंना नावे देताना माणसाला प्राणी आठवले, हीसुद्धा एक गंमत आहे. इंग्रजीतला ‘मसल’ हा शब्द लॅटिनमधल्या ‘छोटा उंदीर’ अशा अर्थाच्या शब्दावरून आला. दंडाच्या फुगवट्याला आपण ‘बेडकुळी’ म्हणतो. कन्नडमध्ये पोटरीला ‘मीनखंड’ म्हणतात, त्यात मासा आहे. उंदीर, बेडूक आणि मासा! कातडीखाली काहीतरी जिवंत वळवळते आहे, असे सगळ्याच मुलखांतल्या माणसांना वाटले. मांडीत मात्र असा एखादा प्राणी नाही, तिथे अख्खा गोठा आहे.

आत काय आहे?

मांडीत हाड एकच, पण ते शरीरातले सर्वांत लांब हाड. माणसाच्या उंचीच्या साधारण चौथ्या हिश्श्याएवढे. या हाडाभोवती स्नायूंचे तीन मोठे गट आहेत. पुढचा, मागचा आणि आतला.

पुढच्या गटाला क्वाड्रिसेप्स म्हणतात. नावाचा अर्थ ‘चार डोक्यांचा’. चार स्नायू वरून वेगवेगळे निघतात आणि गुडघ्याजवळ एकाच जाड दोरात मिळतात. त्या दोरात गुडघ्याची वाटी बसवलेली असते. विहिरीवरच्या कप्पीमुळे पोहरा ओढणे जसे सोपे होते, तसे या वाटीमुळे स्नायूंचे ओढणे सोपे होते. तिच्याखालून तो दोर नडगीच्या हाडाला जाऊन चिकटतो. पाय सरळ करणे हे या चौघांचे काम. आपण जमिनीवरून उठतो, जिना चढतो, एसटीच्या उंच पायरीवर पाय देतो, तेव्हा हेच चौघे राबत असतात. आणि जिना उतरताना, खाली बसताना तेच चौघे ताणले जात जात ब्रेकचे काम करतात. म्हणूनच गुडघेदुखीचे लोक सांगतात की चढताना फारसे नाही, पण उतरताना जीव जातो.

या चौघांपैकी मांडीच्या बाहेरच्या बाजूचा स्नायू प्रत्येक आईच्या ओळखीचा आहे, फक्त त्याचे नाव तिला माहीत नसते. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या बाळाला मांडीवर घेऊन आपण लसीकरणाला बसतो, तेव्हा पेंटाव्हॅलंट लस बाळाच्या डाव्या मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या भागात टोचतात. तान्ह्या बाळाचा दंड काडीएवढा असतो. मांडीतला हा स्नायू मात्र तेव्हाही भरीव असतो आणि मोठ्या नसा, रक्तवाहिन्या तिथून दूर असतात. कुल्ल्यावर सुई टोचायची नाही, कारण तिथून शरीरातली सर्वांत जाड नस मांडीच्या मागून खाली जाते. कंबरेतून पायात कळ उतरते, ती हीच नस.

मागच्या गटात तीन स्नायू आहेत, त्यांना हॅमस्ट्रिंग म्हणतात. गुडघा वाकवणे आणि मांडी मागे नेणे हे त्यांचे काम. धावता धावता एखादा क्रिकेटपटू मांडीची मागची बाजू धरून थांबतो, तेव्हा यांच्यातलाच एखादा दुखावलेला असतो. आतल्या गटात पाच स्नायू आहेत. ते मांड्या एकमेकींकडे ओढतात. घोड्यावर बसणाऱ्याची पकड यांच्यामुळे, आणि प्रतिस्पर्ध्याला दोन्ही पायांत आवळून धरणाऱ्या मल्लाची पकडही यांच्यामुळेच.

या सगळ्यांवरून तिरका जाणारा एक लांब, पट्टीसारखा स्नायू आहे. कमरेच्या बाहेरच्या बाजूने निघून तो मांडी ओलांडतो आणि गुडघ्याच्या आतल्या अंगाला उतरतो. शरीरातला सर्वांत लांब स्नायू हाच. त्याचे नाव सार्टोरियस, म्हणजे ‘शिंप्याचा’. पाय दुमडून, गुडघे बाहेर टाकून बसायला हा मदत करतो. युरोपातले जुने शिंपी तसे बसून शिवत, म्हणून हे नाव पडले. आपल्याकडे नाव द्यायची पाळी आली असती तर त्याला ‘जेवणाच्या पंगतीचा स्नायू’ म्हणावे लागले असते. मांडी घालून बसणे आपल्याकडे कोणा एका जातीचे वा धंद्याचे लक्षण कधी नव्हतेच. कन्नडमध्ये त्या बैठकीला ‘चक्कळमक्कळ’ असा छान, लहान मुलांना आवडणारा शब्द आहे.

हे पाहिले कोणी?

कातडीखालचे हे सारे कळले कसे? सुश्रुतसंहितेत शरीरात ५०० मांसपेशी सांगितल्या आहेत, आणि त्या पाहायच्या कशा तेही सांगितले आहे. मृतदेह गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात ठेवून संथ वाहत्या पाण्यात सात रात्री भिजू द्यायचा आणि मग कुंचल्याने हळूहळू एकेक थर सुटा करत आत पाहायचे. आजही वैद्यकाच्या पहिल्या वर्षाला विद्यार्थी मृतदेहावरच शिकतात. आपल्या बेळगावात जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज १९६३ साली सुरू झाले. तेव्हापासून शरीररचनेचे हे शिक्षण इथे अखंड चालू आहे.

पण देह मिळायला देणारा लागतो. या बाबतीत बेळगावच्या आयुर्वेद महाविद्यालयातली २०१० च्या नोव्हेंबरमधली घटना अनेकांच्या लक्षात असेल. तिथले शरीररचनेचे प्राध्यापक डॉ. महांतेश रामण्णवर यांनी आपल्या वडिलांच्या देहाचे विच्छेदन स्वतःच्या हाताने केले. वडील बैलहोंगलचे डॉक्टर. माझा देह तूच विच्छेदन करून विद्यार्थ्यांना शिकव, अशी त्यांचीच इच्छा होती. ते वारल्यानंतर दोन वर्षांनी मुलाने ती पुरी केली. ज्या मांडीवर आपण लहानपणी बसलो, तीच मांडी उघडून विद्यार्थ्यांना दाखवायची! हे वाचताना अंगावर काटा येतो. पण आपल्या भागात देहदानाची चर्चा घरोघरी गेली ती या घटनेमुळे.

आणि शिकण्यासारखे अजून संपलेले नाही. क्वाड्रिसेप्सचे चार भाग शेकडो वर्षे शिकवले जात होते. २०१६ साली स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी दान मिळालेल्या २६ पायांचे बारकाईने विच्छेदन केले आणि त्यात आणखी एक, पाचवा पदर असल्याचे दाखवून दिले. इतकी मोठी, रोज हाताला लागणारी मांडी, आणि तिच्यातला एक स्नायू एकविसाव्या शतकापर्यंत नीट मोजलेला नव्हता.

तालमीतली मांडी आणि सुपाखालची मांडी

मांडीची उपासना पाहायची तर आपल्याकडे तालमीत जावे. कोल्हापूरचे खासबाग मैदान १९१२ साली शाहू महाराजांनी उभे केले. बेळगावात आनंदवाडीचे मैदान आहे. चिकोडी तालुक्यातल्या एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे कोल्हापूरच्या तालमीत घडले आणि १९५९ साली दिल्लीत हिंदकेसरी झाले. २०२० च्या डिसेंबरमध्ये ते गेले, तेव्हा सीमेच्या दोन्ही बाजूंना हळहळ झाली. मराठी गावे आणि कन्नड गावे दोन्हीकडे त्यांना ‘आपला पैलवान’ म्हणत.

तालमीत जोर मारतात ते छाती-खांद्यांसाठी आणि बैठका, सपाट्या मारतात त्या मांड्यांसाठी. पहाटे उठून शेकड्यांनी बैठका काढायच्या. बैठकीत दुसरे काय असते? खाली बसायचे आणि उठायचे. बसताना पुढचे चार स्नायू शरीराचा भार सांभाळत खाली सोडतात, उठताना तेच आकसून वर नेतात. मागचे स्नायू आणि कुल्ल्यांचे स्नायू कंबर सरळ करतात. पट काढणारा मल्ल प्रतिस्पर्ध्याच्या पायात शिरतो तेव्हा खाली वाकून, पुन्हा उसळून उठण्याची ताकद याच बैठकांतून आलेली असते.

आता दुसरी मांडी पाहू. माझी आई निपाणीची. आमच्या गल्लीत दुपारी कुठल्याही घरात डोकावले तरी एकच दृश्य असे. भिंतीला टेकून बसलेल्या बायका, मांडीवर सूप, सुपात तेंदूची कापलेली पाने आणि तंबाखू, आणि न बघता चालणारी बोटे. मजुरी हजार विड्यांच्या हिशोबाने, त्यामुळे उठणे म्हणजे नुकसान. पाणी प्यायलासुद्धा बाई उठायची नाही, पोरीला हाक मारायची. ती हाक ऐकणाऱ्या पोरींपैकी मीही एक. आईने पंचवीसहून अधिक वर्षे अशा विड्या वळल्या. तंबाखूची धूळ छातीत जाते, मान आणि कंबर धरते, हे पुष्कळ बोलले गेले आहे. मांडीबद्दल कोणी बोलले नाही. बाईच्या मांडीबद्दल बोलायची आपल्याकडे पद्धतच नाही.

पैलवानही जमिनीच्या जवळ, विडीवाली बाईही जमिनीच्या जवळ. पैलवान तासाभरात शेकडो वेळा खाली-वर होतो. बाई सकाळी बसली की दुपारी उठते. नुसते बसून राहण्याने स्नायू बळकट होत नाही, तो आळसावतो. मांडी घालून बसण्याचे आपण कौतुक करतो, पण मांडीला बळ देणारी गोष्ट म्हणजे बसता-उठताना होणारी हालचाल. मराठीत तिला नेमका शब्द आहे, ‘उठबस’. पाहुण्यांची उठबस करून बाई दमते म्हणतात ते खरेच. पण ती उठबसच तिच्या मांड्या शाबूत ठेवत होती. शाळेत शिक्षा म्हणून काढायला लावत त्या उठाबशांनीही आमच्या पिढीचे तसे भलेच केले म्हणायचे!

अज्जी, दोन्ही एकच

सत्तरीच्या आसपास आईचे गुडघे कुरकुरू लागले. आधी तिने पाटावर बसणे सोडले, मग देवापुढे बसणे सोडले, मग बुटके स्टूल आले, मग खुर्ची. माझ्या सासूबाई गोकाककडच्या. त्यांचेही तेच. संध्याकाळी दोघी व्हरांड्यात समोरासमोर खुर्च्यांवर बसत. आई म्हणायची, “उठवतच नाही गं.” सासूबाई म्हणायच्या, “एळाक आगवल्दु.” दोघींना एकमेकींची भाषा अर्धीमुर्धी येते, पण या वाक्याला दुभाष्या लागत नव्हता.

दोघींना घेऊन मी फिजिओथेरपीला गेले. तिथली मुलगी कन्नड बोलणारी. तिने आईला विचारले, “मंडी नोवु ऐतेन्री अज्जी?” आईने लगेच मांडीवर हात मारला आणि म्हणाली, “मांडी नाही गं बाई, मांडी ठणठणीत आहे. गुडघा दुखतोय.” मुलगी हसली. तिने आईच्या गुडघ्याच्या वर, आतल्या बाजूला बोट ठेवले. तिथे बशीसारखा खळगा पडला होता. “हे बघा,” ती मोडक्या मराठीत म्हणाली, “इथं स्नायू पायजे. गेलाय. म्हणून गुडघा दुखतो. मंडी, मांडी, दोन्ही एकच, अज्जी.”

मग तिने जे समजावले ते थोडक्यात असे. गुडघा दुखतो, सुजतो, तेव्हा मेंदू मांडीच्या पुढच्या स्नायूला पुरते काम करू देत नाही. दुखऱ्या सांध्याला वाचवायला केलेली ती सोय असते. पण काम थांबले की स्नायू वाळतो. स्नायू वाळला की सांध्यावर येणारा धक्का झेलायला कोणी उरत नाही, म्हणून गुडघा आणखी दुखतो. दुखते म्हणून माणूस उठायचे टाळतो, आणि उठायचे टाळले की स्नायू आणखी वाळतो. हे चाक उलटे फिरवायचे तर सुरुवात मांडीपासून करावी लागते. झिजलेली कूर्चा व्यायामाने परत येत नाही, हेही तिने स्पष्ट सांगितले. पण मांडी भरली तर त्याच झिजलेल्या गुडघ्याने कमी दुखण्यात जास्त चालता येते.

तिने दिलेले व्यायाम साधे होते. पलंगावर पाय सरळ ठेवून बसायचे, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, गुडघ्याने ती खाली दाबायची, पाच आकडे मोजायचे आणि सोडायचे. असे दहा वेळा. दुसरा, खुर्चीवर बसून एक पाय समोर सरळ उचलायचा, पाच मोजायचे, हळू खाली आणायचा. तिसरा, भिंतीला टेकवलेल्या घट्ट खुर्चीवरून हात न टेकता उठायचे आणि हळूहळू बसायचे. आधी पाच वेळा, मग वाढवत जायचे. सुरुवातीला खुर्ची उंच हवी, खाली उशी घातली तरी चालते. दुखऱ्या गुडघ्याने पैलवानी बैठका मारू नयेत, असा तिने दम भरला.

आईचा यावर विश्वास नव्हता. “आता या वयात कसली तालीम?” हे तिचे पालुपद. तिला मी एका अभ्यासाची गोष्ट सांगितली. १९९० साली अमेरिकेत बोस्टनच्या एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या घरातल्या दहा अशक्त म्हाताऱ्यांकडून आठ आठवडे मांडीच्या पुढच्या स्नायूंचा वजने घेऊन व्यायाम करवून घेतला. नऊ जणांनी तो पुरा केला. त्यांच्या त्या स्नायूंची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे पावणेतीन पट झाली. मांडीचा घेरही भरला, चालही वाढली. आईने विचारले, “नव्वदीचे?” मी म्हटले, “नव्वदीचे.” मग ती काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी टॉवेलची गुंडाळी तिने स्वतः केली.

दोघींनी तो व्यायाम चढाओढीने केला. आकडे एक मराठीत मोजायची, एक कन्नडमध्ये. तीन महिन्यांनी आई खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठू लागली. जमिनीवर ती अजून बसत नाही, कदाचित बसणारही नाही. पण रात्री बाथरूमला जाताना तिला कोणाला उठवावे लागत नाही. सत्तरीच्या बाईला ही गोष्ट किती मोठी वाटते, ते तिच्या वयाची माणसे घरात असणाऱ्यांना सांगायला नको.

घरातली उठबस कुठे गेली?

तिशी-चाळिशीनंतर दर दहा वर्षांनी माणसाचा स्नायू साधारण ३ ते ८ टक्क्यांनी कमी होतो आणि साठीनंतर हा वेग वाढतो. हे निसर्गाचे झाले. त्यात आपण आपल्या घरांची भर घातली आहे. चुलीची जागा ओट्याने घेतली, पाटाची टेबलाने, देशी संडासाची कमोडने, पाट्या-वरवंट्याची मिक्सरने. यातले काही परत आणावे असे मी मुळीच म्हणणार नाही. ज्या बाईने विहिरीवरून घागरी वाहिल्या तिला नळाची किंमत कळते. पण या प्रत्येक सोयीबरोबर दिवसातल्या दहा-वीस उठबशी घरातून गेल्या आणि त्यांच्या जागी आपण काहीच आणले नाही. माझ्या वर्गातली विशीतली मुले-मुली फळ्यासमोर जमिनीवर बसायला सांगितले की भिंत शोधतात, आणि उठताना बाकाला धरतात.

ब्राझीलमधल्या डॉक्टरांनी एक साधी परीक्षा शोधली आहे. उभे राहायचे, जमिनीवर बसायचे आणि पुन्हा उठायचे. बसण्याला पाच गुण, उठण्याला पाच. हात, कोपर वा गुडघा टेकला की प्रत्येक वेळी एक गुण वजा. तोल गेला की अर्धा. ५१ ते ८० वयाच्या २००२ माणसांची त्यांनी अशी परीक्षा घेतली आणि पुढची काही वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले. २०१२ साली त्यांनी निष्कर्ष छापला. ज्यांना कमी गुण होते, त्यांच्यात त्या काळात मृत्यूचे प्रमाण बरेच जास्त आढळले. आपल्या आजी-आजोबांनी ही परीक्षा दिवसातून वीस वेळा दिली असेल आणि त्यांना ती परीक्षा आहे हे माहीतही नव्हते.

ही परीक्षा घरी घ्यायची असेल तर चाळिशी-पन्नाशीतल्यांनी घ्यावी, शेजारी कोणी तरी उभे असताना. गुडघ्याचे वा खुब्याचे ऑपरेशन झालेल्यांनी, चक्कर येणाऱ्यांनी आणि फार म्हाताऱ्या माणसांनी तिच्या वाटेला जाऊ नये. एकाच पायाची मांडी वा पोटरी अचानक सुजली, गुडघा तापला आणि लाल झाला, रात्री झोपेतही ठणकू लागला, किंवा पडल्यावर पायावर भार घेता येईना, तर व्यायामाच्या नादी न लागता तडक डॉक्टर गाठावा.

स्नायूला नुसता व्यायाम पुरत नाही, त्याला खायलाही लागते. आपल्याकडे म्हाताऱ्या बायका चहा-बिस्किटावर दिवस काढतात, “मला काय लागतंय” म्हणतात आणि उसळीची वाटी नातवाकडे सरकवतात. ती वाटी त्यांच्याकडे परत सरकवावी. भाकरीबरोबर मटकी, हुलगा, मूग, पिठले, ताक, आणि चालत असेल तर अंडे, एवढे रोजच्या रोज आजीच्या ताटात पडायला हवे. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र किती खायचे ते डॉक्टरांना विचारून ठरवावे.

ज्यांचे गुडघे अजून धड आहेत, त्यांनी एक सोपी गोष्ट करावी. दिवसातले एक जेवण जमिनीवर बसून करावे, आणि मीठ, लिंबू, पाण्याचा तांब्या मुद्दाम आत विसरावा. कोणी तरी दोन-तीनदा उठेलच. घरातल्या मुलग्यांनाही उठू द्या, वाढायचे काम फक्त आईचे नाही. ज्यांच्या घरी कोणी वयस्कर माणूस खुर्चीत बसून आहे, त्यांनी त्याला उठवताना काखेत हात घालून एकदम ओढू नये. खुर्ची थोडी उंच करावी, पाय मागे घ्यायला सांगावे, पुढे वाकायला सांगावे आणि तोल जाणार नाही एवढ्याच बेताने शेजारी उभे राहावे. उठायचे काम त्यांच्या मांडीला करू द्यावे. दहा आकडे लागले तरी चालतील. मोजायला आपल्याकडे भाषा दोन आहेतच.